आण्णांच्या टाकीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. माहेरच्या देवळात एकटी उभी राहिले होते तेव्हा देवालाही नाही — तिथेसुद्धा ओठ हलले नाहीत. आता लिहायला बसले आहे, तर दोनदा उठून दाराची कडी बघून आले. भर दुपारी कोण येणार आहे? कुणी नाही. 

गोष्ट पाच माशांची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला कितीतरी महिने हेच सांगत होते — एवढंच तर आहे.

आमचं गाव आळेफाट्याहून आणे गावाकडे जाताना लागतं. माझा नवरा विलास फाट्यावरच्या एका गॅरेजात काम करतो. मी घरी ब्लाउज शिवते. आणि घरात आण्णा होते, माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते. माळशेज घाटातून वर्षानुवर्षं गाडी काढली, पण कधी कठड्याला घासली नाही, हे गावातली माणसं अजून सांगतात. सासूबाई गेल्या आणि आण्णांना दिवस खायला उठला. पुढच्या खोलीत मी मशीनवर, ते खुर्चीत. बोलणार तरी किती?

मग एक दिवस ते आरोग्य केंद्रातून पिशवीत गप्पी मासे घेऊन आले. डासांच्या अळ्या खातात म्हणून तिथल्या हौदात सोडलेले असतात, ते. विलासने गॅरेजच्या ओळखीतून काचेची एक छोटी टाकी आणून दिली. छोटी म्हणजे किती — एक कळशी ओतली की भरली. ती माझ्या मशीनशेजारच्या कट्ट्यावर बसली.

सुरुवातीला चार-दोन मेले. मग आण्णा शिकले. फाट्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्याकडे जाऊन विचारून यायचे आणि मला सांगत बसायचे. टाकी जेवढी लहान, तेवढं ध्यान जास्त ठेवावं लागतं. पाचच ठेवायचे, तेही नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरून जाईल आणि सगळेच गुदमरतील. खाणं चिमटीच्या टोकावर मावेल तेवढंच. उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी नासतं. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. आणि नळाचं पाणी थेट घालायचं नाही — बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग घालायचं.

"माणसाला ताजं पाणी, माशाला शिळं," ते म्हणायचे. "नळाच्या पाण्यातल्या टीसीएल पावडरीनं त्यांचं कल्ले जळत्यात, पोरी."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पाचातला एक, केशरी शेपटीचा, सारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. त्याला आण्णा कंडक्टर म्हणत. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसले की त्याच्याशी बोलायचे. मला हसू यायचं. कधी कधी — खरं सांगते — मला रागही यायचा. माझ्याशी कुणी इतकं बोलत नव्हतं.

त्याच दिवसांत आण्णा थोडं थोडं विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. चहात दोनदा साखर. वयच ते. मी मात्र विलासच्या मागे लागले होते, की आण्णांना काही दिवस मोठ्या भावजींकडे चाकणला पाठवू. विलास भडकला होता. म्हणाला, "तुला म्हातारा नकोसा झालाय, सरळ सांग." त्यानंतर आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. आण्णांना हे माहीत होतं का? मला वाटतं, होतं.

आता त्या सकाळकडे येते. किती वेळ टाळणार?

आण्णांनी नेहमीसारखं चौथाई पाणी बदललं. बदलताना हात हलला आणि कळंबच्या एका बाईंच्या रेशमी ब्लाउजपीसवर शिंतोडे उडाले. लग्नाचं कापड. डाग पडले. आण्णा ओशाळले, फडक्याने पुसायला गेले, डाग आणखी पसरला.  ते बीपीच्या गोळ्या आणायला नारायणगावच्या गाडीला गेले आणि मी एकटी राहिले — तो डाग, ती टाकी आणि मी.

मी टाकी उचलून मोरीत नेली. मासे गाळणीने एका पातेल्यात काढले. सगळं पाणी ओतून दिलं. काच, खडे, स्पंज — सगळं भांड्याच्या साबणाने घासलं. एकदाच लख्ख करू, म्हणजे महिनाभर हात लावायला नको, असं मनाशी म्हणत होते. मग नळ सोडला. त्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ होती, पंचायतीने पाण्यात टीसीएल जास्त टाकलं होतं. धार पडली तशी तो वास नाकात गेला. शिळ्या पाण्याची बादली माझ्या पायाशी होती. अर्ध्या हातावर. मी तिच्याकडे पाहिलं — आणि नळ चालू ठेवला.

का? मला मासे मारायचे होते का? नाही. तसं काही मनात नव्हतं. पण मनात काय होतं, हेही मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

मासे सोडले, टाकी कट्ट्यावर ठेवली, मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पाचही वर आलेले. तोंडं पाण्याबाहेर, भराभर उघडमिट. आण्णांनी हेही सांगितलं होतं — मासे वर येऊन श्वास घ्यायला लागले, की पाणी बिघडलं, लगेच शिळ्या पाण्यात काढायचे. बादली मोरीतच होती. दहा पावलं. पण आता मासे हलवले तर पाणी मी बदललं हे कळेल, आधी म्हातारा नकोसा, आता त्याचे मासेही, असं विलास म्हणेल. मी उठले ती स्वयंपाकघरात गेले. भाकरीचं पीठ काढलं. परात भिंतीकडे ओढून, टाकीकडे पाठ करून बसले.

आण्णा आले तेव्हा चार मेलेले होते. कंडक्टर आडवा पडून एकाच जागी हलत होता. त्यांनी पिशवी खाली टाकली, मोरीतली बादली आणली, त्याला ओंजळीत धरून तीत सोडला. मग विचारलं, "पाणी कुणी बदललं?"

आवाज चढा नव्हता. फक्त विचारलं.

"तुम्हीच की, आण्णा. सकाळी."

"मी चौथाई बदललं व्हतं."

"नाही आण्णा. सगळं ओतलंत तुम्ही. नळाचं भरलंत. मी पाहिलं."

मी पाहिलं. हे दोन शब्द नसते, तर कदाचित ते भांडले असते. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी खाली, पिठाच्या हातांकडे. मग त्यांनी स्पंज उचलून पिळला. बोटांमधून फेस आला. त्यांनी तो नाकाशी धरला.  वाटलं, झालं, आता संपलं.

"साबण हाय ह्यात," ते म्हणाले. त्यांनी स्पंज कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, "मीच लावला आसंल."

कंडक्टर दिवस मावळायच्या आत गेला. विलास आला, त्यालाही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं. तो बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं असं, आण्णा. दुसरे आणू." आण्णा म्हणाले, "नको. माझ्या हातनं जीव जात्यात."

त्या दिवसापासून आण्णा मला विचारू लागले. पोरी, मी गोळी घेतली का? गॅस मी बंद केला का? मी जेवलो का गं? आधी स्वतः उठून बघायचे. आता बघतच नव्हते. एकदा म्हणाले, "तू सांगशील तेच खरं. माझ्या डोक्याचा काय भरवसा न्हाई राह्यला." माझ्यावर एवढा विश्वास आयुष्यात कुणी टाकला नव्हता. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते आहे? ते जेवले का, हे मी त्यांना सांगायचे, आणि ते मानायचे.

फाट्यावर ज्या स्कूटरने जायचे तिची किल्ली त्यांनी आपण होऊन विलासच्या हातात दिली. "कुणाचं पोर यील गाडीखाली." आयुष्यभर घाटातून गाडी उतरवलेला माणूस. मग फाट्यावर जाणं थांबलं. मग पारावर बसणं थांबलं. मला रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज ते "सुनंदा, त्या दिवशी..." असं काही बोलायला लागले, की मी मशीन जोरात चालवायचे. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच दिवसाबद्दल असायचं.

शेजारच्या हिराकाकू एकदा नळावर सहज म्हणाल्या, "काचंची टाकी तूच धुत व्हतीस न्हवं गं मोरीत? खिडकीतनं दिसली मला." मी कळशी नळाखाली सरकवली. मी म्हटलं, "ते आधी कधीतरी, काकू." त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. पुढे वर्षभर मी त्यांना आण्णांशी एकटं बोलू दिलं नाही. दारात दिसल्या की मी पुढे. त्यांना वाटायचं, सून किती सासऱ्याला जपते. गावालाही तसंच वाटायचं.

पुढे आम्ही आण्णांना मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, हे विसरणं कधी जाणवायला लागलं? विलासने माशांची गोष्ट सांगितली. सगळं पाणी ओतलं, साबण लावला, आणि दुपारपर्यंत काही आठवत नव्हतं. डॉक्टर लिहीत होते. मध्येच थांबून माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही होतात ना घरी? असंच झालं?" आण्णा शेजारी बसले होते, हात मांडीवर. मी मान हलवली. डॉक्टरांनी उरलेलं लिहिलं.

आजार खरा होता का? पुढे खराच निघाला. ते खरंच विसरत गेले. विलासचं नावसुद्धा. माझ्या खोटेपणाने तो आणला असं कुणी म्हणणार नाही. पण त्याआधीची दोन वर्षं — जेव्हा त्यांना बरंच आठवत होतं आणि ते आठवण्यावर विश्वास ठेवत नव्हते — ती दोन वर्षं मी घेतली. हे मला ठाऊक आहे.

इथवर सांगून थांबता आलं असतं. तुम्ही म्हणाला असता, घाबरली बिचारी, तोंडातून निघून गेलं. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते अजून राहिलं आहे.

आण्णा जायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. पाडवा जवळ आला होता. एरवी ते दिवसचे दिवस धुक्यात असायचे, पण एखादी सकाळ अचानक निवळायची. तशी ती होती. विलास कामावर गेलेला. त्यांनी मला नावाने हाक मारली, खुर्ची जवळ ओढायला सांगितली. डोळे इतके स्वच्छ होते, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"सुनंदा," ते म्हणाले, "ते मासं मीच मारलं का गं?"

घरात आम्ही दोघंच. विलास नाही, काकू नाहीत. रागवावं एवढी त्यांच्यात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिलं असतं की नाही, तेही सांगता येत नव्हतं. भ्यायला काही कारणच उरलं नव्हतं. उलट मला वेळ होता. मी विचार केला. चांगला विचार केला.

आणि म्हणाले, "हो, आण्णा."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मी लई दिस तुझ्यावर संशय घेतला. साबणाचा फेस बगितल्यापासनं. मनात म्हनायचो, हिनंच केलं, नि माझ्यावर ढकलतीय." त्यांनी दोन्ही हात जोडले. नीट जुळत नव्हते. "चुकलं माझं, पोरी. मनात धरू नको."

मी ते हात धरून खाली केले. म्हणाले, "असू द्या, आण्णा. मी काही मनात धरलं नाही."