पाचवा रकाना

"बघा बघा, आता कोट्यातले पण विचार करायला लागले."

आमचे क्वालिटी हेड हे बोलले आणि आधी स्वतःच हसले. मग अख्खा हॉल हसला. सर हसले की हसायचं असतं, एवढी अक्कल आमच्या कंपनीत सगळ्यांना आहे.

साजगावची कंपनी. कॅन्टीनच्या वरचा हॉल. ट्रेनिंग चाललं होतं, आणि विषय काय, तर विचार कसा करावा. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन-तीन ओळींचा युक्तिवाद. उभं राहून तो वाचायचा आणि त्यातली खोट सांगायची. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'दिवाळीनंतर नवे सुपरवायझर आले. त्यानंतर खराब माल कमी झाला. म्हणजे तो सुपरवायझरमुळेच कमी झाला.'

मी म्हटलं, "नंतर झालं म्हणजे त्यांच्यामुळेच झालं, असं कुठंय? त्याच सुमारास मशीन दुरुस्त झालं असेल. कच्चा माल बदलला असेल. ते आधी बघायला पाहिजे."

बाई म्हणाल्या, "एक्सलंट!" आणि त्यावर सरांचं ते वाक्य.

मी खाली बसले. कान तापले होते. चिठ्ठी घामाने ओली झालेली. अहो, खासगी कंपनी ही. इथे कोटा कुठून आला? मी डिप्लोमा केला, कंपनीची लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, तेव्हा मला घेतलं. मुलाखत घेणारे हेच सर. आडनाव विचारलं. गाव विचारलं. पोशीर म्हटल्यावर म्हणाले, "पोशीरमध्ये कुठे?" मी म्हटलं, "बौद्धवाड्यात." त्यांना हवं ते मिळालं. पुढचे प्रश्न त्यांनी घड्याळाकडे बघत विचारले.

आणि त्या ट्रेनिंगवाल्या बाई! खोटा युक्तिवाद पकडायला शिकवण्याचा त्यांचा धंदा. समोर एका ओळीचा सडका युक्तिवाद येऊन पडला, तर यांनी काय करावं? गालातल्या गालात हसल्या आणि पुढची स्लाइड लावली. चिठ्ठीवरची खोट दिसते यांना. हॉलमधली नाही दिसत.

मीही काही बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल पहिल्या दिवसापासून वाघीण होते. कसली वाघीण! चहाच्या सुट्टीत त्याच लोकांबरोबर उभं राहून समोसा खाल्ला मी. चटणी मागून घेतली.

पण ती चिठ्ठी मी फेकली नाही. संध्याकाळी घरी जाताना, नेरळपर्यंतच्या कंपनीच्या बसमध्ये ती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सरांचं वाक्य लिहिलं. जसंच्या तसं. आणि तपासायला घेतलं. कारण तपासणं हे माझं काम आहे.

आम्ही बुश बनवतो. बुश म्हणजे पंपात बसणारी धातूची जाड बांगडी समजा. मधल्या भोकातून शाफ्ट जातो. भोक तपासायला गेज असतं, बोटभर लांब पोलादी दांडी. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे. दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही टोकं आत गेली तर तो बुश नापास, लाल पेटीत. दिवसाला शेकडो बुश असे माझ्या हातून जातात.

आता सरांचं बघा. मी चुकले तर 'तुमच्यात असंच असतं'. मी बरोबर ठरले तर 'आता कोट्यातले पण'. चुकले तरी आत, बरोबर ठरले तरी आत. मी काहीही केलं तरी ज्यात मी बसतेच, ते माप नाही. ते फक्त भोक आहे. लाल पेटी!

बसमध्ये मला हसू आलं. शेजारची म्हणाली, "काय गं, वेडी झालीस काय?" जवळजवळ झालेच होते. एवढी साधी गोष्ट. आणि असल्या वाक्यांपुढे मी इतकी वर्षं मान खाली घालत आले. स्वतःचीच लाज वाटली मला. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

त्या दिवसापासून असली वाक्यं तपासायची सवय लागली. आमची आई पोशीरला लोकांच्या शेतावर लावणीला जाते. सगळ्या बायांना बांधावर चहा मिळतो, स्टीलच्या पेल्यात. आई आणि आमच्या वाड्यातल्या दोघींना कागदी कपात. मी आईला विचारलं, "असं का गं?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मालकीन म्हनली, तुमचा तर उलट मान हाय. बाकीच्यांना ईसळलेले पेले, तुमाला रोज नवा कप."

"मग ती स्वतः का नाही पीत कागदी कपात? तिला मान नको?"

"गप गं. तुला बोलायला काय जातंय? उद्या मला तिच्याच शेतात उभं रायचंय." असं म्हणून आईने भाकरी तव्यावर टाकली. मग तिचा हात थांबला. "पन खरंच गं," ती म्हणाली, "ती कुठं पिते त्यात?"

वीस वर्षं त्या बांधावर चहा पिते माझी आई. वीस वर्षं तिला कोणी हा प्रश्न विचारू दिला नाही. मीही कुठे विचारला होता?

मग पावसाळा सरता सरता आमचा एक लॉट परत आला. गिऱ्हाइकाकडे शाफ्ट बुशमध्ये बसेना. भोकं अरुंद. तपासून पास केलेला लॉट, आणि तपासणारी मी.

कारण मला ठाऊक होतं. गेज वापरून वापरून झिजतं. जाणारं टोक झिजलं की ते अरुंद भोकातही शिरतं, आणि खराब माल चांगला म्हणून पास होतो. म्हणून गेज ठरलेल्या मुदतीत बाहेर तपासायला पाठवायचं असतं. माझ्या गेजवरच्या स्टिकरची मुदत उलटून गेली होती. मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली होती. सरांना तोंडीही सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "आत्ता डिस्पॅच आहे. चालवून घे." मी चालवून घेतलं. माझी चूक असलीच तर ती एवढी.

गिऱ्हाइकाने व्हाय-व्हाय शीट मागितली. खोपोलीच्या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, माल परत आला की ही शीट येतेच. पाच रकाने. प्रत्येक रकान्यात एकच प्रश्न, का? पहिल्याचं जे उत्तर, त्याला दुसऱ्या रकान्यात पुन्हा का विचारायचं. असं खणत खणत मुळाशी जायचं. ज्याने कोणी शोधली त्याला माझा सलाम. फक्त आमच्याकडे ती भरतात केबिनमध्ये बसून, आणि मूळ कुठे काढायचं ते आधीच ठरवून.

त्याच महिन्यात मी कायम व्हायची होते. शीटवर मूळ कारण म्हणून मी निघाले, की दुसऱ्या दिवशी घरी. हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शीट माझ्यापुढे सरकवली. "अक्षर छान आहे तुझं. मी सांगतो, तू लिही."

मी लिहायला लागले. शाफ्ट का बसत नाही? भोक अरुंद. अरुंद भोकाचा माल बाहेर का गेला? तपासणीत पास झाला. पास का झाला?

सर म्हणाले, "तपासणारीचा निष्काळजीपणा."

लिहिलं. होय, लिहिलं मी. माझ्या छान अक्षरात.

"निष्काळजीपणा का? लिही, शिस्तीची सवय नाही."

तेही लिहिलं. हात माझाच होता, पण तो माझं ऐकत नव्हता.

"आता पाचवा. सवय का नाही?" सरांनी खुर्ची जरा मागे झुलवली. मोबाइल बघत म्हणाले, "पार्श्वभूमी. एवढंच लिही."

पेन थांबलं.

"कोणाची पार्श्वभूमी, सर?"

"अगं, तुझ्यावर नाही काही. जनरल आहे. रकाना भरलेला पाहिजे त्यांना, बाकी कोण वाचतंय."

केवढा शिकलेला माणूस. भिंतीवर सर्टिफिकेटं. आणि बुशचं भोक अरुंद का, याचं कारण शोधत हा पोशीरच्या बौद्धवाड्यात जाऊन पोचला! गेज हाताच्या अंतरावर टेबलावर पडलेलं. त्यावरचं स्टिकर वाचायला याला चष्माही लागला नसता. किळस आली मला. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा किळस जास्त होती.

मी तिसऱ्या रकान्यापासून काट मारली आणि नव्याने लिहिलं. पास का झाला? गेजचं टोक झिजलेलं. झिजलेलं गेज वापरात का? मुदत संपूनही तपासणीला पाठवलं नाही. का पाठवलं नाही? पाचव्या रकान्यात लिहिलं, 'क्वालिटी हेड यांनी चालवून घेण्यास सांगितले.' खाली रजिस्टरचा पान नंबर. खाली माझी सही.

सरांनी वाचलं. पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे.

"तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय, सर. पण मी कायम झाले म्हणून गेज झिजलेलं नव्हतं, असं होत नाही."

सरांनी शीट फाडली. चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी टाइप केलेली नवी शीट आली माझ्या सहीसाठी. 'पार्श्वभूमी' गेलं होतं. त्या जागी 'प्रशिक्षणाचा अभाव'. ज्या ट्रेनिंगमध्ये मला एक्सलंट मिळालं, त्या प्रशिक्षणाचा अभाव! मी सहीच्या जागी लिहिलं, 'मान्य नाही. रजिस्टर बघा.' आणि शीट परत पाठवली.

मला कायम केलं नाही. काढलंही नाही, कारण रजिस्टर माझ्या अक्षरात आहे आणि त्यातलं ते पान फाडलं तर फाडलेलं दिसेल. प्रोबेशनची मुदत सहा महिने वाढवली. कारण विचारलं, तर म्हणाले, "वागणूक."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "केली असतीस सही, तर सुटली असतीस गं."

"सुटले नसते, आई. रोज नवा कप मिळाला असता."



सहा महिने आहेत. माल पुन्हा परत येईल, कारण तेच झिजलेलं गेज अजून वापरात आहे. पुन्हा केबिनमध्ये बोलावतील, पुन्हा कोरी शीट पुढे सरकवतील. मी जाणार. पेन माझं नेणार. त्या पाचव्या रकान्यात माझा वाडा लिहू देणार नाही. आणि का विचारत राहणार, उत्तर त्यांच्या खुर्चीपाशी येईपर्यंत. शीट फाडली तर दुसरी मागणार.