आपटे काकांच्या काठीला सहा नंबरची दोरी

पिस्कॅटवेच्या गल्लीतून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग मी इतकं घट्ट धरलं होतं की शेजारी बसलेले आपटे काका म्हणाले, "शैला, उपटून हातात येईल ते." काकू दारात उभ्या राहून हसल्या. मला हसू येईना. जवळच्याच ओक ट्री रोडच्या पुढे मी कधी गाडी नेलेली नव्हती आणि आज न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किलच्या डोंगरात जायचं होतं.

गावाकडच्यांसाठी आधी सांगते. माझे यजमान आयसेलिनला एका हॉटेलात आचारी आहेत आणि मी आपट्यांकडे स्वयंपाकाला जाते. गावी देवबागच्या शाळेतून सातवीनंतर माझं नाव काढलं, त्यामुळे इंग्रजी अजून जेमतेमच येतं. पण काकांनी मला गाडी शिकवली आणि लायसनच्या परीक्षेचं पुस्तक काकूंनी पानन् पान मराठीत समजावून दिलं. हे उपकार कसे फेडायचे, मला ठाऊक नाही. मग २००५च्या हिवाळ्यात काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ते चालायला लागले, बोलणं तर कधी थांबलंच नव्हतं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

काका तीस वर्षं नदीवर ट्राउट मासे पकडतात. पकडतात आणि सोडून देतात, कारण घरात अंडंसुद्धा येत नाही. "खायचा नाही तर छळता कशाला त्याला," असं काकू दर वर्षी म्हणतात. मी खाडीवर गरवायला (गळाने मासे धरायला) जाणाऱ्या बापाची मुलगी. मला तर हे कोडंच. या वसंतात काकांनी जाहीर केलं, की एकदा नदीवर जाऊन बघतो, हात चालला नाही तर गळाची काठी कुणाला तरी देऊन टाकतो. म्हणाले अगदी सहज. पण नंतर काकू मला ओट्यापाशी हळूच म्हणाल्या, "काठी गेली ना, तर हे खुर्चीतून उठायचे नाहीत गं." म्हणून मी निघाले.

कॉम्प्युटरवरून छापलेले रस्त्याचे कागद काकांच्या मांडीवर होते. जुन्या एका ट्राउटची गोष्ट सांगण्यात ते रंगले आणि आमचा एक्झिट, म्हणजे हमरस्त्यावरून उतरायचा फाटा, चुकला. मग मागे फिरण्यासाठी कुठल्याशा गावात शिरलो, तिथे एका डायनरमध्ये कॉफी घेतली आणि काकूंनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीत बसून खाल्ल्या. पुढे डोंगर सुरू झाले. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत इथे. गोल, लोकरी डोंगर, पोपटी पालवीने भरलेले, आणि मधूनच काळ्याशार सूचिपर्णी झाडांची रांग. खाली बीव्हरकिल नदी. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.

नदीच्या अलीकडे मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. काकांची जुनी दोरी गराजमध्ये पडून तडकली होती, नवी घ्यायची होती. ही दोरी (इथे फ्लाय लाइन म्हणतात) आपल्या गळाच्या तंगूसासारखी, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखी, नसते. आपल्याकडे शिसाचं वजन लावून गळ लांब टाकतात. इथे गळाला पिसांचा खोटा किडा बांधलेला, त्याला वजन म्हणून नाहीच. दोरीच जाड आणि जड असते आणि तीच किड्याला घेऊन जाते. म्हणून दोरी चुकली की सगळं चुकलं. दोऱ्यांना वजनाप्रमाणे नंबर असतात आणि काठीवर तिचा नंबर लिहिलेला असतो. काकांच्या काठीवर होता पाच.

काकांनी नेहमीचीच मागितली, पाच नंबर, दोन्ही टोकांना निमुळती. त्यातलं गणित त्यांनी मला ऐकवलं: एक टोक झिजलं की दोरी उलटी गुंडाळायची, दुसरं टोक नवं कोरं. काकू विरलेली चादर मधोमध फाडून कडा आत घेतात, तसंच.

दुकानाची मालकीण पांढऱ्या वेणीची बाई होती. ती म्हणाली, मागच्या गवतावर टाकून बघा. काकांनी टाकली. हात खांद्यापर्यंत आला, अडकला आणि दोरी त्यांच्या बुटांवर ढिगासारखी पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते म्हणाले, वारा आहे. गवताचं पातं हलत नव्हतं.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन दुसरी दोरी आणली आणि मलाच समजावू लागली. निम्मे शब्द कळले, बाकीचं तिच्या हातांवरून. न कळलेलं मी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं. या दोरीचं वजन पुढच्या भागात असतं, आणि एक नंबर जड घेतली की जवळच्या जवळ टाकतानासुद्धा काठी लवकर वाकते. काम काठी करते, हाताला कष्ट कमी पडतात. मी ते काकांना सांगितलं.

"काठीवर पाच लिहिलंय," काका म्हणाले. "पाच म्हणजे पाच. आणि हिचं दुसरं टोक वापरता येत नाही."

"एक टोक झिजायला किती वर्षं लागतात, काका?"

"पाच-सहा. जपून वापरली तर आठ."

काय विचारून बसले, ते तेव्हा कळलं. काका अठ्ठ्याहत्तरचे.

"म्हणजे दुसऱ्या टोकापर्यंत मी पोचत नाही, असं म्हणणं आहे तुझं."

त्यांनी मला लेकीसारखं वागवलं होतं आणि मी हे बोलले होते. पण आता मागे घेऊन काय सांगणार होते? "पहिलं टोक तरी पाण्यात पडायला हवं ना, काका," मी म्हटलं. "आज."

त्यांनी गवतावरची दोरी गुंडाळून घेतली. मग काठी माझ्या हातात दिली. "तूच ठरव. नाही जमलं तर घरी जाऊन तूच सांग तुझ्या काकूला."

मी बाईपुढे सहा नंबरच्या दोरीवर बोट ठेवलं आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, "दिस वन."

नदीत काका गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मी त्यांच्या डाव्या दंडाला धरून. पाणी हाडापर्यंत गार. पहिल्यांदा दोरी आखूड पडली. दुसऱ्यांदा त्यांनी कोपर अंगाशी धरलं, मनगट नुसतं मागे नेलं, थांबले आणि पुढे आणलं. काठी वाकली. दोरी आमच्या डोक्यावरून सरळ उलगडत गेली आणि किडा पाण्यावर शेवरीच्या म्हातारीसारखा टेकला. हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता. जायची गरजच पडली नव्हती.

"हं," काका म्हणाले. आणि परत टाकली. आणि परत.

दुपारनंतर एक ट्राउट लागला, वीतभर, अंगावर लाल ठिपके. काकांनी त्याला पाण्यातच ठेवून गळ सोडवला आणि मला म्हणाले, धर जरा, त्याला दम खाऊ दे. तिरफळं घालून काय कालवण झालं असतं, हे माझ्या मनात आलंच. मग तो बोटांतून निसटला आणि मला वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

परत येताना काका झोपले आणि मी एकही एक्झिट न चुकवता घरी आले. काकू दारातच होत्या. त्यांनी आधी काकांच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "हिला विचार," काका म्हणाले. "दोरी हिने निवडली." आणि पुढच्या शनिवारी हिला सुट्टी आहे का, असं विचारत आत गेले.

किती शिकायचं, कुणाच्या घरात जायचं, कुठल्या देशात राहायचं, हे माझं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. वाईट ठरवलं असं नाही, माझं बरंच झालं. पण इतक्या लांब येऊन, परक्या बाईला पुन्हा पुन्हा विचारून, ज्यांच्यापुढे मान वर करत नाही त्यांच्याशी वाद घालून मी एक गोष्ट ठरवली आणि ती बरोबर निघाली. काकू माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. "खरंच टाकली का गं त्यांनी? कशी?"

मी ओट्यावरचं लाटणं उचललं, कोपर अंगाशी धरलं आणि त्यांना दाखवलं.