नेत्याच्या गळ्यातला झेंडू

समई, तेल, काडेपेटी, पेपर प्लेट्स, नॅपकिन आणि एक्स्टेन्शन कॉर्ड. आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला एवढं लागतंच, त्यामुळं ही पेटी माझ्या गाडीच्या डिकीत बारा महिने असते. हर्नडनच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल दुपारी ताब्यात मिळतो आणि संध्याकाळी झाडून परत द्यावा लागतो. ऐनवेळी आठवत बसायला सवड नसते. शेजारच्या रशियन चित्रकार आजोबांचं प्रदर्शन मंडळानं भरवायचं ठरलं तेव्हा मला त्याचं दडपण आलं नाही. दडपण होतं त्यांच्या मुलीला.

ते आमच्या भिंतीला लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये मुलीकडं राहतात. ऐंशी ओलांडली आहे, उंच आहेत आणि खांद्यातून थोडे वाकले आहेत. आमची ओळख दिवाळीत झाली. मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते आणि ते कुत्र्याला फिरवता फिरवता थांबले.

"आधी ठिपके कशाला?" त्यांनी त्यांच्या जड इंग्रजीत विचारलं.

"म्हणजे प्रमाण चुकत नाही."

"बरोबर. आम्ही चौकोन आखायचो," ते म्हणाले. "माझ्या वाट्याला नेत्याचा डावा कान असायचा."

मी रांगोळी अर्धी टाकून त्यांना आत बोलावलं. त्या हिवाळ्यात चहाबरोबर बाकीचं आयुष्य हप्त्याहप्त्यानं कळत गेलं.

चित्रकलेचं शिक्षण संपल्यावर त्यांना सरकारी कार्यशाळेत नोकरी लागली. सणाच्या मिरवणुकांसाठी आणि सभागृहांसाठी तिथं नेत्यांची मोठमोठी चित्रं तयार होत. ब्रशवर रंग अगदी थोडा घ्यायचा, जवळजवळ कोराच ब्रश कापडावर घासायचा, म्हणजे रंग कमी लागतो आणि लवकर वाळतो. कुणी कान करायचा, कुणी मिशी, कुणी छातीवरची पदकं. नेत्याला नवं पदक मिळालं किंवा नेताच बदलला की जुनं चित्र नष्ट करायचा हुकूम यायचा. चांगलं कापड कुठंच मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी दाराएवढी काही चित्रं जाळायच्या ऐवजी घरी नेली आणि त्यांच्या पाठीवर स्वतःची चित्रं काढली. पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका. एका रात्रीत रिकामी झालेली शेजाऱ्याची खोली. सभेत टाळ्या वाजवणारे, पण एकमेकांकडं न बघणारे लोक.

कुणीतरी चुगली केली. घराची झडती झाली तेव्हा चित्रं बायकोच्या माहेरी होती म्हणून वाचली, पण नोकरी गेली. पुढची वर्षं ते एका इमारतीच्या बॉयलरच्या खोलीत कोळसा ओढत होते. देश सोडताना सीमेवरच्या अधिकाऱ्यानं गुंडाळी उघडली. वर नेत्याचा चेहरा दिसताच त्यानं ती इतक्या अदबीनं परत गुंडाळली की कापड उलटून बघायचं त्याला सुचलंच नाही. हे सांगताना ते दर वेळी हसत.

अमेरिकेत त्यांनी लोकांची घरं रंगवली, हॉटेलांच्या भिंतींवर द्राक्षांचे वेल काढले. एका गॅलरीनं ती जुनी चित्रं मागितली होती. पण ती भिंतीला टांगणार म्हणजे नेता भिंतीकडं जाणार. म्हणून त्यांनी नकार दिला. "दोन्ही बाजू दिसल्या नाहीत तर ते अर्धं खोटं." बायको गेल्यावर त्यांनी ब्रशही ठेवून दिला. चित्रं गराजमध्ये, बर्फाच्या फावड्यांच्या मागं पडून राहिली.

आता मुलीची नोकरी दुसऱ्या राज्यात जाणार होती. उन्हाळ्यात घर विकायचं आणि त्यांच्यासाठी वृद्धांच्या वसाहतीत एक खोली घ्यायची असं ठरलं होतं. त्या खोलीत गुंडाळ्या मावणार नव्हत्या. जवळच्या एका कॉलेजच्या कलासंग्रहालयातल्या बाई बघायला यायला तयार होत्या, पण त्यांना चित्रं उघडून लावलेली हवी होती. मुलगी मला म्हणाली, "बाबा एकदाच हो म्हणालेत. बिनसलं तर ते सगळं उचलून घरी नेतील, आणि मग मला ती फेकावी लागतील."

टांगायचा प्रश्न सोपा होता. हळदीकुंकवाच्या फोटोंसाठी आमच्याकडं बॅकड्रॉपचे स्टँड आहेत. ते भिंतीपाशी न लावता हॉलच्या मध्ये उभे करायचे, चित्रं वरून क्लिपांना अडकवायची आणि लोकांनी भोवती फिरायचं. आजोबांनी येऊन क्लिप ओढून बघितली आणि मान डोलावली.

प्रदर्शनाच्या दिवशी ते जेवून येतो म्हणाले, मुलगी आधीच आली होती. संग्रहालयाच्या बाईंना पार्किंग सापडेना म्हणून मी बाहेर गेले. त्यांना घेऊन परत आले तेव्हा मुलगी दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. मी आत बघितलं.

पहिल्या स्टँडवर, दारासमोर, सर्वांत मोठा नेता होता. पुढं टेबल, टेबलावर पेटलेली समई. आणि नेत्याच्या गळ्याशी स्टँडवरून सोडलेला झेंडूचा जाडजूड हार. बाजूला आमचे काका हात जोडून उभे. काका म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. मूळचे नागपूरचे, निवृत्त डॉक्टर. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला हार आणून प्रतिमापूजन तेच करतात.

"काका, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? उद्घाटन ना? प्रतिमा नको? छातीवर एवढी पदकं, म्हटलं चित्रकाराचे वडील असतील. मिलिट्रीतले."

"काका, हा तिकडचा नेता आहे! याच्यापायीच आजोबा देश सोडून आले!"

"अरे बाप्पा! काय सांगून राहिली तू?" काका हार काढायला धावले, पण तेवढ्यात दारात काठी वाजली.

ते आत आले आणि थांबले. नजर हाराकडं गेली. मुलगी रशियनमध्ये हळूच काहीतरी म्हणाली, त्यांनी हातानंच तिला गप्प केलं.

"हे कुणी केलं?"

"मी, सर," काका पुढं झाले. "माझी चूक. मला वाटलं, तुमचे फादर."

मुलीनं डोळे मिटले. मला काय सुचलं कोण जाणे, मी घाईघाईनं बोलत सुटले, "आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. गेलेल्या माणसालाच घालतात, म्हणून काकांना..."

"थांबा." त्यांनी काठी उचलली. "हार घातला, म्हणजे हा माणूस मेला?"

"मेला, सर," काका म्हणाले.

"पक्का?"

"एकदम पक्का. चुकून जिवंत माणसाच्या फोटोला घातला तर त्याची बायको भांडायला येते."

ते हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांत पाणी आलं आणि मुलीनं खुर्ची पुढं केली. "आमच्याकडं हा मरतो आणि परत येतो," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी नवा चेहरा घेऊन. तू मेलास, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नाही. राहू दे हार."

मग त्यांनी काकांचा दंड धरला आणि त्यांना स्टँडच्या पलीकडं नेलं. मी आणि संग्रहालयाच्या बाई मागोमाग गेलो. तिथं पावाची रांग होती. रांगेतली तिसरी बाई डोक्याला रुमाल बांधून, रिकामी पिशवी छातीशी धरून सरळ आमच्याकडं बघत होती.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"माझी आई."

काकांनी तिच्यापुढं हात जोडले. मग म्हणाले, "सर, हार हिला घालू या. तिकडनं काढतो."

"नको," ते म्हणाले. "ती अजून रांगेत उभी आहे."

संग्रहालयाच्या बाई पुन्हा पुढच्या बाजूला गेल्या, परत आल्या, आणि म्हणाल्या की त्यांच्याकडं काचेच्या भिंतीचा एक लांब व्हरांडा आहे, तिथं छतापासून टांगता येईल, दोन्ही बाजू उघड्या राहतील. चालेल का? आजोबांनी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हारासकट?"

बाई संकोचल्या. फुलांना कीड लागते, कापड खराब होतं, त्यामुळं खरी फुलं आत नेता येणार नाहीत. आजोबांनी थोडा विचार केला आणि चालेल म्हणाले. मुलगी टिश्यू शोधायला लागली. पेपर नॅपकिन पेटीत होते.

आठवड्यानं त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. झेंडूचा ताजा हार मिळेल का? मी कोपऱ्यावरच्या इंडियन ग्रोसरीतून आणून दिला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचं एक भांडं परत द्यायला गेले तर गराज उघडं. नेता फळीवर ताणून खुर्चीला टेकवलेला, शेजारी खिळ्याला माझा हार, आणि ते स्टुलावर बसून जवळजवळ कोऱ्या ब्रशनं नेत्याच्या गळ्यात एकेक पाकळी घासत होते.

"हा पिवळा की केशरी?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"दोन्ही असतात."

"मग उद्या केशरीसुद्धा आणा," ते म्हणाले. "बाकीचेही आहेत अजून. सगळ्यांना घालायचेत."