गाव पळाला त्या वर्षीचा मळा

यशोदाकाकी भाजीशी जेवढं गोड बोलायची, त्याच्या चौथाईने माणसांशी बोलली असती तर तिची निम्मी भांडणं आपोआप मिटली असती. पण माणसांशी तिचं बोलणं म्हणजे हुकूम. माठ आज पेरायचा नाही म्हणजे नाही. मिरचीला भर दुपारी पाणी घालणाऱ्याला ती अख्ख्या वाडीदेखत सोलून काढायची, मग तो पोर असो की सरपंच.

मसुऱ्याच्या पलीकडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला तिचं गाव. भातकापणी झाली की सगळ्यांनी मिळून त्या व्हाळाला दगडमातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, आणि काठच्या रिकाम्या शेतात शिमग्यापर्यंत भाजी पिकवायची, अशी तिथली जुनी चाल होती. त्या मळ्यावर काकीचं राज्य. ते तिला कोणी दिलं नव्हतं. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही, घरात जीव रमत नाही, म्हणून ती उजाडल्यापासून मळ्यात असायची. आणि जी बाई उजाडल्यापासून मळ्यात असते तिला सगळं ठाऊक असतं. लोकांनीही म्हटलं, घेऊ दे राज्य, आपली कटकट तरी वाचेल.

आणि खरं सांगायचं तर तिच्या हाताला यश होतं. माठाचं बी राईहून बारीक. ते दुप्पट वाळूत कालवून, मूठ अर्धी मिटून फेकायचं, म्हणजे दाट पडत नाही, हे तिने वाडीला शिकवलं. मुळा जागेवरच पेरायचा, उपटून दुसरीकडे लावला की तो रुसतो आणि त्याला दाढ्या फुटतात. चवळीला पाणी दाखवायचंच नाही, भाताच्या ओलीवर ती येते. वाल थंडीत दव पडायला लागलं की पेरायचा, आधी पेरलात तर नुसता पाला खाल. मावा पडला तर चुलीतली राख पहाटे, दव असतानाच उडवायची, म्हणजे पानाला चिकटते. उन्हात उडवलेली राख ही वाऱ्याची पूजा. मासळी धुतलेलं पाणी मिरचीला घालायचं, पण बुंध्यापासून वीतभर लांब. आणि वांग्याची रोपं संध्याकाळी लावायची, वर पानांची सावली करायची, आणि पहिले आठ-दहा दिवस तान्ह्या पोरासारखं जपायचं. त्यात एक दिवस पाणी चुकलं तर पुढे कितीही घाला, झाड उभं राहतं पण फळ धरत नाही.

एके काळी वीस घरं मळा करायची. १९८७ साली उरली चार. बाकीच्यांचं हळूहळू सुटत गेलं. कुणाचं माणूसबळ गेलं, कुणाचे गुडघे गेले, आणि कुडाळच्या बाजारात घाटावरची भाजी ट्रकने यायला लागली तेव्हा उरलेल्यांचाही धीर गेला. कोबी विकत मिळत असताना मुळ्यासाठी कंबर मोडून घ्यायला कुणी सांगितलंय? चार घरांतही खरी माणसं दोनच, काकीच्या दिराचा मुलगा काशिनाथ आणि त्याची बायको सरला. म्हातारा विश्राम बांधावर बसून तंबाखू मळायचा आणि चौथं घर नावाला.

चार घरांहून कमी असली तर बांध घालायला माणसं पुरत नाहीत, हे काकीला कळत होतं. एक घर सुटलं की मळा संपला. म्हणून या वर्षी मळा असा पिकला पाहिजे की सोडायचं नाव कुणाच्या ओठावर येता नये, असा तिने पण केला होता. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच. तिच्या मनात सरला भरली होती. सरला विचारायची फार. हे बी किती दिवस टिकतं, हे फळ बियाला कधी सोडायचं, वाफा किती उंच. काकी तिच्यावर खेकसायची आणि सगळं सांगायची. आपल्यामागे ही पोर मळा सांभाळील, असं तिने मनात धरून ठेवलं होतं आणि त्या एका विचारावर तिला रात्री झोप लागायची.

तुळशीचं लग्न झालं, बांध झाला, पाणी तुडुंब साठलं. वांग्याची रोपं लावून आठ दिवस होतात न होतात तो देवळातून बातमी आली की देवाने कौल दिला, या वर्षी गावपळण आहे.

गावपळण म्हणजे सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणावरचा म्हातारा आणि पाळण्यातलं मूल, एक जीव मागे ठेवायचा नाही. गाव देवाचा, तो तीन दिवस देवाला मोकळा द्यायचा. चौथ्या दिवशी गुरव परत कौल लावणार, देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की घरी, नाही तर आणखी मुक्काम. दर चार-पाच वर्षांनी हे व्हायचं आणि पोरांना ती जत्राच वाटायची. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या, तिथेच रांधायचं, गाणी म्हणायची.

काकीचं धाबं दणाणलं. तीन दिवस पाणी नाही म्हणजे वांगी गेली. देवाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती, तशी ती देवभोळीच. पण देवाला तरी आठ दिवस थांबायला काय झालं होतं, असं ती चुलीपुढे पुटपुटली आणि लगेच तोंडात मारून घेतलं. मग ती कामाला लागली. रोपांच्या बुंध्याशी वाळक्या पानांचा पातेरा अंथरला, वर झावळ्यांची सावली केली, निघायच्या आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी दिलं. तरी तिचं समाधान होईना. मार्गशीर्षाचा वारा माती दोन दिवसांत सुकवतो हे तिला पक्कं माहीत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे बोचकी बांधत होते तेव्हा ती एकटी बांधावर गेली. पाट उघडा ठेवला तर सगळं पाणी वाफ्यांत घुसून रोपं कुजतील, बंद ठेवला तर मरतील. तिने मधला मार्ग काढला. बांध जिथे काठाला मिळतो तिथे कुदळीच्या टोकाने दोन बोटं रुंद खाच पाडली, तिच्यात केळीच्या खोडाच्या सोपाची पन्हळ बसवली, दोन्ही बाजूंनी माती थापली. करंगळीएवढी धार पाटात पडायला लागली. तीन दिवस थोडं थोडं पाणी वाफ्यांना मिळत राहील. ती स्वतःवर खूश झाली. गावात माणसाने राहायचं नाही असं देवाचं म्हणणं. पाण्याने राहू नये असं काही त्याने सांगितलं नव्हतं.

कच्च्या मातीचा बांध रोज दोनदा हाताने थापावा लागतो, पाणी जिथे पाझरेल तिथे चिखल भरावा लागतो, हे तिनेच तीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. अर्धा दिवसही बांध एकटा सोडू नये, हे तिचंच वाक्य. पण जिवाला घोर लागला की माणूस आपलंच शहाणपण विसरतो. ढोल वाजला आणि ती गावाबरोबर चालू लागली.

राहुट्या वेशीच्या खाली, त्याच व्हाळाच्या काठाला पडल्या. पहिला दिवस हसण्याखेळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका भांडी घासत होत्या आणि व्हाळ एकदम वाढला. घोट्याएवढं पाणी गुडघ्याला लागलं, आणि तेही लाल, गढूळ. बायकांना मौज वाटली. आभाळ निरभ्र आणि पाणी कुठून आलं म्हणून त्या पदर खोचून हसायला लागल्या. सरला तेवढी म्हणाली, “खंय तरी बांध फुटलो वाटता.”

काकीच्या हातात टोप होता, तो वाहून चालला तरी तिला समजलं नाही. पाण्याबरोबर झावळ्यांचे तुकडे येत होते. बांधाला आतून भरलेल्या झावळ्या त्या, तिने स्वतः तोडलेल्या. इतर कुणाच्या डोळ्यांना तो कचरा होता.

ती उठली आणि गावाच्या दिशेने चालू लागली. वेशीवर जांभळीचं झाड होतं, तिथपर्यंत गेली. पलीकडे वाट मोकळी पडलेली, माणूस नाही, कुत्रं नाही. आता धावत गेलं तर अर्धं पाणी अडवता येईल, दगड आहेत, चिखल आहे, दोन हात आहेत. एक पाऊल टाकायचं बाकी होतं. पण त्या गावात शेळीचं पिल्लूसुद्धा मागे ठेवलं नव्हतं. आपण आत गेलो आणि उद्या कुणाचं मूल तापाने फणफणलं, कुणाची म्हैस दगावली, तर ते आपल्या पावलाने झालं असं लोक म्हणतील, आणि लोकांच्या आधी आपणच म्हणू. तिथेच जांभळीखाली ती बसली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिली. जेवायला शोधत आलेल्या सरलाला तिने सांगितलं की पोट दुखतंय.

चौथ्या दिवशी पाकळी पडली नाही. गुरवाने दोनदा गाऱ्हाणं घातलं, देव ढिम्म. लोकांनी आणखी एक रात्र काढली, पाचव्या दिवशी कौल मिळाला. या सगळ्या दिवसांत काकी कुणावर ओरडली नाही, तेव्हा लोकांना वाटलं, तिचं पोट खरंच बिघडलं असावं.

मळ्यात पोचले तेव्हा बांध काठाला मिळतो तिथे माणूस जाईल एवढा फुटला होता. वरचं पाणी संपून तळाचा चिखल भेगाळत होता. काठाचे दहा-बारा वाफे पाण्याने धुऊन नेले होते, मुळ्याच्या जागी वाळू साठली होती, आणि वरच्या अंगाची वांगी सावलीखाली मान टाकून पडली होती. व्हाळ आता सुतासारखा वाहत होता. नवीन बांध घातला तरी तो भरायला माघ उजाडला असता, आणि घालणार कोण? विश्रामने फुटका बांध खालीवर न्याहाळला आणि म्हणाला, “कुर्ल्यांनी पोखरल्यानी.” खेकडे बांधाला बिळं पाडतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. तो तंबाखू थुंकून घरी गेला.

काकीला गप्प बसता आलं असतं. पण खोट्यावर झोप लागणाऱ्यांपैकी ती नव्हती. सरला खाली वाफ्यात उतरली होती. काशिनाथ बांधाच्या दगडावर बसला होता, त्याच्या शेजारी काकी जाऊन बसली.

“काशिनाथा, कुर्ल्यांनी नाय. मी फोडलंय. पाणी चलत ऱ्हवांदे म्हणान खाच पाडून ठेवलंय.”

काशिनाथने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तो आता चिडेल. तिला ते हवंच होतं. तीस वर्षं तिने लोकांना शिव्या दिल्या होत्या, आज चार शिव्या खाऊन मोकळं व्हावं, मग रडून पाया पडावं आणि म्हणावं की पुढच्या वर्षी मी एकटी माती वाहीन, पण सोडू नका.

तो चिडला नाही. पायाजवळचं एक ढेकूळ उचलून हातात फोडत राहिला.

“जावंदे गो काकी. तू मनाक लावन घेव नको. फुडच्या वर्साक आमी मळो करूचो नव्हतोच.”

तिला आधी नीट ऐकूच आलं नाही. त्याने मग सावकाश सांगितलं. कुडाळच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. शिमगा झाला की तो आणि सरला तिकडे खोली घेऊन राहणार होते. विश्रामलाही माहीत होतं, चौथ्या घरालाही.

“कधी ठरला?” काकीने विचारलं.

“गणपतीच्या चवथीक. सरलाच म्हणाली, काकीक आताच सांगा नको, तिका लय लागात. ह्या एका वर्साक तिच्यासाठी मळो करूया.”

म्हणजे माती वाहिली, बांध घातला, माठाचं बी वाळूत कालवलं, ते सगळं एका म्हातारीचं मन राखायला. सरला बियांबद्दल विचारायची तेही त्यातलंच. आणि ही म्हातारी तिकडे देवाला फसवून मळा वाचवायला निघाली होती. सगळ्यांनी तिच्यावर माया केली होती आणि त्या मायेने तिच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. तिला राग आणायचा होता, पण कुणाचा आणावा ते सुचेना. काशिनाथ गुरं बांधायची आहेत म्हणून उठून गेला.

खाली वाफ्यात सरला मान टाकलेली वांगी उपटायला लागली होती. ती शेंड्याला धरून ओढत होती, त्यामुळे निम्मी मुळं मातीतच तुटत होती. बुंध्याला धरायचं, थोडं पिळायचं, मग वर ओढायचं. हे सांगायला काकीने तोंड उघडलं आणि कशासाठी सांगायचं ते तिला कळेना. सरलाने वर पाहिलं, काकी काय सांगते त्याची थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आपल्याला जमेल तशी ती पुढची रोपं उपटत राहिली.