भलत्या जागी आलेलं हसू

बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास आला की मला रत्नागिरीतलं ते थिएटर आठवतं. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच सिनेमाला आली होती, तीही माझ्या हट्टाखातर. पडद्यावर जखमी सुपरहिरो मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि सगळं थिएटर चिडीचूप होतं. तेवढ्यात तो धापा टाकत म्हणाला, "ड्रेस फाटला रे, आधी शिंपी बोलवा." कोणीच हसलं नाही. आई मात्र एवढ्या मोठ्याने हसली की पुढची माणसं वळून बघायला लागली. नंतर मांडवीच्या किनाऱ्यावर वाऱ्याला बसलो असताना मी विचारलं, "तिथं हसू कसं आलं गो तुला?" ती म्हणाली, "तुझे बाबा ऑक्सिजनचा मास्क लावून मला म्हणाले होते, 'बघ, आता विमान उडवतो.' मी ओरडले त्यांच्यावर, ही काय थट्टेची वेळ आहे? मी घाबरू नये म्हणून करत होते गो ते. तेव्हाचं हसू राहूनच गेलं होतं." अजूनही पडद्यावर कोणी मरता मरता विनोद केला, की तो नेमका कोणासाठी करतोय, हे मी शोधत बसते.