एक्केचाळीस हजार एकशे पन्नास

जगदाळे गेल्याचा निरोप मला कळंबोलीत मिळाला. लोखंडाच्या बाजाराजवळच्या एका वजनकाट्याची तपासणी चालू होती, ट्रक काट्यावर उभा होता आणि मी आकडा उतरवून घेत होतो. केबिनमधला फोन वाजला. पलीकडे आमच्याच इमारतीतले मुकादम होते. "पाटणकर, जगदाळे गेले. दुपारी, बाजारातच. छातीत कळ आली म्हणतात." मी विचारलं, "कोण म्हणतं?" मग म्हणालो, "कोणते जगदाळे? नक्की का?" मुकादम म्हणाले, "अहो, माणूस मेलाय. त्याची तरी तपासणी करू नका." मी फोन ठेवला, ट्रकचं वजन पूर्ण लिहून घेतलं आणि मगच निघालो. याला आता सात आठवडे झाले.

वजनमापे खात्यात मी बावीस वर्षं निरीक्षक आहे. काटा खोटा आहे असं धरूनच तो तपासायला घ्यायचा, हे माझं काम. ते कामापुरतं ठेवायला हवं होतं, ते मला जमलं नाही. जगदाळे खोटं बोलले अशी शंका मी दीड वर्ष मनात बाळगली, चारचौघांत बोलून दाखवली, आणि नीट समोर बसून त्यांना एकदाही विचारलं नाही. हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

शामराव जगदाळे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर ते तोलार होते, म्हणजे माल तोलून वजन पुकारणारे. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, "तुमच्याकडे काट्यात मारतात किती?" दुसरा कुणी चिडला असता. ते म्हणाले, "काटा कुठला मारतोय सायेब, मारतो तो हात." हे उत्तर मला आवडलं, आणि एवढं तयार उत्तर या माणसाकडे कसं, असंही वाटलं. पुढे आम्ही संध्याकाळी बोनकोड्याच्या बाजूला फिरायला जाऊ लागलो. ते मला गावाकडच्या गोष्टी सांगत, मी त्यांना काटे कसे बिघडवतात ते सांगे. चार वर्षं हा क्रम चालला. माझी मैत्री सहजी होत नाही, ही झाली होती.

एका खेळायच्या यंत्राचं वेड सोसायटीत आधी जगदाळ्यांनीच आणलं. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून त्यांनी तो व्हिडिओ गेम घेतला. चपटा, हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा, वरून ठोकळे पडतात आणि त्यांची आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, तो. महिन्याभरात तो घरोघरी झाला. मीही घेतला. डब्यावर छापलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. मी तीन रविवार बसून मोजले. खरे खेळ आठ निघाले, बाकी सगळे तेच खेळ वेग बदलून. हे मी सगळ्यांना सांगितलं, कुणाला काही वाटलं नाही. मुकादम त्यातला मोटारीचा खेळ खेळत आणि रोज शिव्या घालत. "बोगस गाडी आहे. ब्रेकच नाय! अशी गाडी आमच्या पनवेलच्या रस्त्यावर घातली तर दोन मिनटांत खाडीत." मुकादमांच्या घरी टीव्हीला जोडायचा, बंदुकीनं बदकं मारायचा गेमही होता. त्यातली बंदूक काचेला टेकवून मारली की नेम कधीच चुकत नाही, हे मी शोधून काढलं तेव्हा ते म्हणाले, "पाटणकर, तुमी गेम खेळता का पंचनामा करता?"

जगदाळे मात्र ठोकळ्यांशिवाय दुसरं काही खेळले नाहीत. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसून ते खेळत आणि मी शेजारून बघे. पोत्यांची थप्पी लावणाऱ्यांबरोबर ज्याचा जन्म गेला, त्याला कुठला ठोकळा कुठे बसेल हे शिकवावं लागत नव्हतं. एकदा म्हणाले, "आमच्याकडं थप्पी नीट लागली की लोक बघत्यात. हितं उलटं हाय. नीट लागलं ते दिसंनासं होतंय, आन् चुकलेलं तेवढं वर वर येत ऱ्हातंय." त्या यंत्रात मध्येच थांबायचं एक बटण आहे. ते दाबलं की ठोकळे जागच्या जागी थांबतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात वाफाळत्या कपाचं चित्र येतं. जगदाळे त्याला "चहाची सुट्टी" म्हणत. थांबले की पडद्याकडे नीट बघून घेत आणि मग पुन्हा चालू करत. थांबल्यावर दर वेळी खिशातून काहीतरी काढून खुडबुड करतात, हे मी पाहिलं होतं. काय, ते विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत संगीत खुर्चीच्या जोडीला या खेळाची स्पर्धा ठेवली. ज्यानं त्यानं घरी खेळायचं, सगळ्यात मोठा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, साक्षीदाराची सही घ्यायची आणि पेटीत टाकायची. ही पद्धत मला पहिल्यापासून पसंत नव्हती. म्हणून चिठ्ठ्या तपासायचं काम मीच मागून घेतलं. स्पर्धेत मीही होतो, हेही सांगितलं पाहिजे.

शेवटच्या संध्याकाळी आरती झाल्यावर मांडवात मी निकाल वाचायला उभा राहिलो. माझा आकडा एक्केचाळीस हजार दोनशे. जगदाळ्यांच्या चिठ्ठीवर एक्केचाळीस हजार एकशे पन्नास, साक्षीला त्यांच्या पत्नीची, इंदूवहिनींची सही. आता या यंत्राचा हिशेब असा. एक ओळ भरली की शंभर मिळतात, दोन एकदम भरल्या तर तीनशे, तिनाला सातशे, चाराला पंधराशे. कसंही खेळा, शेवटी दोन शून्यंच येणार. पन्नास येणं शक्य नाही. मी ते सगळ्यांसमोर बोललो. "जगदाळे, हा आकडा यंत्रात येऊच शकत नाही."

ते उठून उभे राहिले. "येत न्हाई. खरं हाय."

"मग लिहिला कसा?"

"आमच्या हिशेबानं लिवला…"

ते पुढे काही बोलणार होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तोलाराचा हिशेब!" आणि मांडव हसला. मी हसलो नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही. उलट म्हणालो, यंत्र आणून दाखवा. यंत्रात सर्वांत मोठा आकडा राहतो, सेल काढले की पुसला जातो. ते घरी जाऊन घेऊन आले. यंत्रात सेलच नव्हते. "सेल घड्याळात घातलं, सायेब. घड्याळ बंद पडलं हुतं, आरतीची येळ चुकाय लागली." मला दुसरा पुरावा नको होता. लाल पेनानं मी त्यांच्या नावावर काट मारली. पहिल्या क्रमांकाचा, साखर भरलेला स्टीलचा डबा मला मिळाला. मुकादम तेवढं हळूच म्हणाले, "खोटंच लिहायचं तर माणूस तुमच्यापेक्षा पन्नास कमी कशाला लिहील?" मी म्हणालो, "विश्वास बसावा म्हणून."

त्यानंतर जगदाळे फिरायला आले नाहीत. भांडले नाहीत, कुणाकडे तक्रार केली नाही. जिन्यात भेटले की "नमस्कार सायेब" म्हणत, आणि तेवढंच. खरा माणूस असता तर भांडला असता, असं मी मनाशी धरलं. त्यांचं गप्प राहणं हाही मला पुरावाच वाटला. बोनकोड्याच्या रस्त्यावर मी एकटा जाऊ लागलो, मग तेही सोडलं.

तेराव्यानंतर मी खाली गेलो. इंदूवहिनींनी चहा केला. मग कपाटातून ते यंत्र आणि खिशात मावेल एवढी एक वही आणून समोर ठेवली. "तुमीच न्या, भावजी. हितं कोन खेळणार?" मी वही उघडली. दर ओळीत आधी एक आकडा, पुढे उभ्या रेघा, आणि शेवटी दुसरा आकडा. गणपतीच्या दिवसांतल्या पानावर एक्केचाळीस हजार पाचशे, पुढे सात रेघा, आणि मग एक्केचाळीस हजार एकशे पन्नास.

"ह्या रेघा कसल्या, वहिनी?"

"थांबल्याच्या. मधी थांबलं की एक रेघ. रेघंला पन्नास वजा."

"का?"

"ते म्हनायचं, थांबून इचार करून भरलेली वळ अर्धीच आपली. काट्याला हात टेकून तोलल्यासारखं हाय ते. पोत्याचं बारदान वजा करतोय, मग ह्ये का न्हाई करायचं?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे मागाहून लिहिलं नसेल कशावरून? मी तिथेच बसून आधीची पानं पाहिली. स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून तोच क्रम होता. कुठे निळी शाई, कुठे बाजारातली खडूसारखी जाड पेन्सिल, तेलाचे डाग, एका पानावर एकवीस रेघा. दहा-बारा ओळींची वजाबाकी करून पाहिली. एकही चूक नाही. वहिनी बघत होत्या. ढोबळ वजन, त्यातून वजा जाणारं रिकाम्या पोत्याचं बारदान, उरलेलं निव्वळ वजन, हे शब्द बावीस वर्षं रोज माझ्या तोंडात आहेत. निव्वळ आकडा समोर आला आणि तो मला ओळखता आला नाही. त्यांच्या ढोबळ आकड्यानं ते माझ्यापुढे तीनशेनं होते.

मी म्हणालो, "मला सांगायचं तरी त्यांनी."

"सांगाय लागलं हुतं की, मांडवात. लोकं हसली. आन् मागनं सांगितलं असतं तर तुमी मानलं असतं का?"

मी उठून वर गेलो. बक्षिसाचा डबा घेऊन परत खाली आलो तर त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडंच. त्येनला दिला असता तर निम्मी साखर तुमाला आणून दिली असती."

यंत्र आता माझ्या टेबलावर आहे, वहीही. माझ्या एक्केचाळीस हजार दोनशेचा निव्वळ आकडा काढावा म्हणून मी बसलो होतो. त्या डावात मी थांबलो होतो, एवढं आठवतं. एकदा दाराची बेल वाजली म्हणून, एकदा कुकर उतरवायला, आणि बाकी वेळा काहीच न वाजता, फक्त पुढचा ठोकळा कुठे बसवायचा ते बघायला. किती वेळा, ते मी कुठेही लिहिलेलं नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्या यंत्रात नवे सेल घातले आणि खेळायला बसलो. चौथ्या ओळीला अडलो, बटण दाबलं. कोपऱ्यात तो वाफाळता कप आला… मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. मग वही ओढली आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली एक रेघ मारली.