बाल्कनीतली कबुतरे आणि कापलेल्या दोन ओळी

"घरात पक्षी आहेत का?" डॉक्टरांनी विचारले.

"पाळलेले नाहीत," मी म्हणालो.

"पाळलेले असं मी विचारलं नाही. आहेत का?"

उत्तर सुजाताने, माझ्या पत्नीने दिले. "बाल्कनीत कबुतरं येतात. मी दाणे घालते."

"किती वर्षं?"

"चार होतील."

"त्यांची घाण कोण काढतं?"

"मीच. रोज सकाळी, झाडूनं."

"ओली करून?"

"कोरडीच. ओली केली की फरशीला धरते."

डॉक्टरांनी खाली काढलेली तिच्या छातीची फिल्म पुन्हा प्रकाशाच्या पेटीवर लावली. "मग निदान तुम्हीच केलंत," ते म्हणाले.

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात या प्रश्नांना दोन मिनिटेही लागली नाहीत. त्याआधीच्या चौदा महिन्यांत तीन डॉक्टर झाले होते. एकानेही हे विचारले नव्हते.

आजाराचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासावाटे आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीविरुद्ध शरीर फुप्फुसातच लढाई सुरू करते, असा त्याचा अर्थ. इथे ती गोष्ट म्हणजे कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ. लढाई लांबली की फुप्फुसावर व्रण उरतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. व्रण पडलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही. सुजाताच्या दोन्ही फुप्फुसांत तो पडायला लागला होता.

"बरं होईल का?" मी विचारले.

"सूज उतरेल. व्रण राहतील. आणखी पडू द्यायचे की नाहीत, ते तुमच्या बाल्कनीवर आहे. कबुतरं बंद झाली नाहीत तर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही."

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार कुणाकडे करायची, हे ठरवता ठरवता ती माझ्याच टेबलाशी येऊन थांबते. ते पुढे येईल.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. कोरडा खोकला. सुजाता शाळेत शिक्षिका होती. वर्गात बोलताना दम लागतो, असे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी खडूच्या धुळीचे नाव घेतले. आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांनी अॅलर्जी म्हटले. दुसऱ्यांनी दमा म्हटले आणि इनहेलर दिला. तिसऱ्यांनी आधी क्षयासाठी थुंकी तपासली. ती निर्दोष आल्यावर म्हणाले, "वजन उतरतंय ते चांगलंच आहे. मोकळ्या हवेत दीर्घ श्वसन वाढवा."

तिने वाढवले. वीस मिनिटांचे चाळीस केले. बाल्कनीत, कबुतरांपासून तीन फुटांवर.

मे महिन्यात आम्ही तिच्या बहिणीकडे वर्ध्याला बारा दिवस राहिलो. तिथल्या उन्हाळ्यात तिचा खोकला थांबला. पुण्यात परतल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तिने हे तिसऱ्या डॉक्टरांना सांगितले. ते हसले. "पुण्याची हवा आहे, बाई. हिंजवडीपासून हडपसरपर्यंत सगळीकडे खोदकाम चाललंय."

ते खरेही होते. आयटी कंपन्या येत होत्या, डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती चढत होत्या, आणि शहरातल्या प्रत्येक खोकल्याचे खापर बांधकामाच्या धुळीवर फोडायची सोय झाली होती. रुग्णाने स्वतःहून आणून दिलेला पुरावा टेबलावर होता. तो कुणी उचलला नाही. मीही नाही. आणि मी वर्तमानपत्रात काम करतो, पुरावा ओळखणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

निदानानंतर रुग्णालयात चार दिवस गेले. पीएफटी म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणे. सुजाताला प्रत्येक फुंकरीला खोकला येई आणि तंत्रज्ञ मुलगी म्हणे, "काकू, परत." अकरा वेळा परत झाले.

मग सहा मिनिटांची चाल. कॉरिडॉरमध्ये फरशीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये सहा मिनिटे ये-जा करायची. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप. तिसऱ्या मिनिटाला ती भिंतीला टेकली. क्लिपवरचा आकडा पाहून नर्सने खुर्ची आणली. सुजाता तेव्हा एकावन्न वर्षांची होती. सहलीला पोरांना घेऊन सिंहगड चढायची.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. त्याने सूज उतरते. चेहरा सुजतो, साखर चढते, झोप उडते आणि माणूस चिडतो. यातले सगळे झाले. हे वाट्याला आलेल्यांनी घाबरू नये, आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. त्या एकदम थांबवता येत नाहीत, डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

आता कबुतरांविषयी.

सुजाताला पक्ष्यांची हौस नव्हती. ती आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतल्या एका चौकटीमुळे लागली. चौकटीचे शीर्षक होते 'घरच्या घरी आनंदाचे सात उपाय'. सकाळी कोमट पाणी. मोकळ्या हवेत दीर्घ श्वसन. कुंडीत एक तरी भाजी. विणकाम. रोज अर्धा तास वाचन. जेवणानंतर शतपावली. आणि शेवटचा : बाल्कनीत पक्ष्यांना दाणे घाला, मन प्रसन्न राहील.

तिने चौकट कापून फ्रिजवर लावली आणि सातही उपाय केले. सकाळी वंदना झाली की ज्वारीचा डबा घेऊन ती बाल्कनीत जायची. आधी झाडायची, मग दाणे टाकायची, मग तिथेच सतरंजी घालून श्वसन करायची. दोन उपाय एका बैठकीत होत. मी आतून चहा पिता पिता पाहायचो. छान दिसायचे.

ती चौकट मी केली होती.

रुग्णालयातून परतल्यावर बाल्कनीला जाळी बसवली. फरशी माणूस लावून, ओली करून, फिनाइलने धुतली. आठ दिवसांनी जाळीवर पुन्हा पिसे आणि ज्वारी दिसली. आमचा फ्लॅट बिबवेवाडीतल्या चार मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर गच्ची. गच्चीची किल्ली सोसायटीचे चेअरमन बापट यांच्याकडे. पत्नी गेल्यापासून ते रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होते.

मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, मग मला जिन्यातल्या सूचना फलकापाशी नेले. सभेची नोटीस, पाण्याची वेळ, आणि त्यांच्या बाजूला पिवळी पडलेली एक झेरॉक्स. घरच्या घरी आनंदाचे सात उपाय.

"तुमच्या मिसेसनीच लावला हा कागद," बापट म्हणाले. "मी फक्त वाचला. पेपर तुमचा, गायकवाड. डॉक्टर म्हणतात एक, तुम्ही छापता दुसरं. मी कुणाचं ऐकू?"

"पेपरचं ऐकू नका."

"पस्तीस वर्षं ऐकतोय. आता सांगता?"

ते किल्ली खिशात घालत म्हणाले, "आणि कबुतरं काही सोसायटीची सभासद नाहीत. त्यांना नोटीस कशी काढू?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या पुरवणीच्या जुन्या फायली काढल्या. आरोग्याच्या चौकटी आम्ही परदेशी इंग्रजी पत्रकांवरून करत असू. मूळ मजकूर माझ्या हस्ताक्षरातल्या अनुवादाला टाचलेला सापडला.

मुळात 'अंगणाच्या टोकाला, झाडावर' असे होते. बिबवेवाडीत अंगण कुणाला आहे, म्हणून मी 'बाल्कनीत' केले. आम्ही त्याला मराठीकरण म्हणतो.

सातव्या उपायाखाली दोन ओळी आणखी होत्या. विष्ठा कधीही कोरडी झाडू नका, ओली करून, नाकातोंडावर फडके बांधून काढा. आपली बसायची जागा तिथून लांब ठेवा. त्या मी अनुवादल्या होत्या. नंतर त्यांच्यावर काट मारली होती. तीही माझ्याच पेनाने.

कारण आठवायला वेळ लागला नाही. त्या वर्षांत पुरवणी जाहिरातींवर चाले. त्या दुपारी एका गृहप्रकल्पाची जाहिरात दोन सेंटिमीटरने वाढून आली आणि चौकट जागेत बसेना. मजकूर बसला नाही की खालून कापायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. महत्त्वाचे वर असते, खालचे गेले तरी चालते. मी खालून दोन ओळी कापल्या. जाहिरातीत काय होते तेही फायलीत आहे. प्रशस्त बाल्कनी आणि पक्ष्यांचा किलबिलाट.

तिन्ही डॉक्टरांवरचा माझा राग खरा आहे आणि तो मी मागे घेत नाही. पण त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तर हातात असताना कापले होते.

पुरवणीचे काम तोवर एका तरुण सहकाऱ्याकडे गेले होते. मी त्याच्याकडे दुरुस्ती मागितली. चार ओळींची.

"सर, चार वर्षांपूर्वीची चौकट कोण लक्षात ठेवतं?"

"एका बाईनं ठेवली. फ्रिजवर."

"तसं नाही, पण रविवारी वाचकाला प्रसन्न वाटलं पाहिजे ना. फुप्फुसं, विष्ठा... त्यापेक्षा 'पक्षी आणि आपण' असं काहीतरी छान करू. तुम्हीच लिहा. त्यात एका ओळीत घालून टाका."

"कितव्या ओळीत?"

तो उत्तर देण्याआधी त्याचा फोन वाजला. जाहिरात विभागाचा होता.

दुरुस्ती छापून आली नाही. मग मी ती घरी लिहायला बसलो, सूचना फलकासाठी. आधी चौकट कधी आली, मूळ मजकूर कुठला, कोणता शब्द बदलला, कोणत्या परिस्थितीत ओळी गेल्या, त्याचा परिणाम काय झाला. शेवटी : गच्चीवर आणि बाल्कनीत कबुतरांना दाणे घालू नयेत. बिनचूक होते. सुजाताला वाचून दाखवले. ती उशांना टेकून बसली होती, कारण आडवे झाले की खोकला येई. एका वाक्यात तिला दोनदा थांबावे लागत होते.

"हे वरचं सगळं... कोण वाचणार, अहो? बापट? ते दुसऱ्या ओळीत चूक काढतील आणि... जातील वर."

"संदर्भ द्यावा लागतो."

"तुमचा संदर्भ तुम्हाला. शेवटची ओळ वर घ्या. आणि... माझं नाव घाला. 'रुग्ण' काय लिहिलंय? जिन्यात मला सगळे ओळखतात."

मी तसे केले. जुनी झेरॉक्स काढली आणि त्याच टाचण्यांनी नवा कागद लावला. पहिली ओळ दाण्यांची. दुसरी : सुजाता गायकवाड यांना यानेच फुप्फुसाचा आजार झाला आहे. तिसरी : आधीचा कागद अपुरा होता, तो अपुरा मी केला. खाली सही.

दोन दिवस गच्चीवर नेहमीप्रमाणे फडफड ऐकू आली. तिसऱ्या दिवशी सकाळी शांत होते. दहाच्या सुमारास बापट दारात उभे राहिले. हातात पत्र्याचा डबा.

"ज्वारी उरलीय. तुमच्याकडे भाकरी होते ना?"

सुजाताने त्यांना आत बोलावले. ते बसले नाहीत.

"ही गेल्यावर सकाळी दुसरं काही नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "गायकवाड, मलाही सहा महिने कोरडा खोकला आहे. मी वय समजत होतो. तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता द्या."

बापटांच्या फुप्फुसात सूज निघाली, व्रण नव्हते. गच्ची मोकळी हवा होती, आणि वेळेत कळले. सुजाताच्या बाबतीत वेळेत कळले नाही. ती आता दोन जिने न थांबता चढते, तिसऱ्याला थांबते, चौथ्याला बसते. शाळा सोडली. सिंहगड संपला. सकाळी बापट येतात आणि दोघे आमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी शब्दकोडे सोडवतात. दोघांपैकी कुणालाच नीट येत नाही, आणि भांडण मात्र रोज होते. सुजाताचा आवाज त्यात चढतो तेव्हा तिला दम लागलेला नसतो. त्याबद्दल मी त्या चौथ्या डॉक्टरांचा ऋणी आहे.

चौकटी मी अजून करतो. चांगल्या सवयी, घरचे छंद, त्यात वाईट काही नाही. कोमट पाण्याने कुणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. पण प्रसन्न राहा असे सांगणाऱ्या कुठल्याही मजकुरात, काय करू नये ते कुठे गेले, हे मी आधी शोधतो. बहुतेक वेळा ते खाली असते.

सवय जात नाही, म्हणून याही लेखात ते खालीच आले आहे. कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, दम लागत असेल, आणि गावाला गेल्यावर बरे वाटत असेल, तर छातीच्या डॉक्टरांकडे जा. बाल्कनीत, खिडकीत, एसीच्या डब्यावर कुठेही कबुतरे असतील तर त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. घाण कोरडी झाडू नका. दाणे घालू नका.

हा मजकूर जागेत बसला नाही, तर वरून कापा.